तांदूळ तिकडचा, मसाला आपला : रासबिहारी बोस यांचे जपानमधील जीवन

सोलापूरची नवी पेठ ही अनेक भाषांची पेठ आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा दिवसभर कानांवर पडतात आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार समोरचे गिऱ्हाईक पाहून सहज आपली भाषा बदलतो. तसे करताना आपले काही गमावले असे त्याला वाटत नाही. कारण दुकान मिटल्यावर तो आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांत परत जातो. परंतु ज्याला परतण्याची वाटच उरलेली नाही, ज्याला परक्या देशातच घर, संसार आणि व्यवसाय उभा करावयाचा आहे, त्याने काय करावे? त्या समाजात किती मिसळावे आणि आपले म्हणून किती राखावे?

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीसमोर हा प्रश्न लहान-मोठ्या रूपात उभा राहतो. कुणी पुण्या-मुंबईत जातो, कुणी समुद्रापार जातो. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही एका अशा माणसाचे चरित्र निवडले आहे, ज्याने आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षे जपानमध्ये काढली आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या जगण्यातून शोधले. ते म्हणजे थोर क्रांतिकारक रासबिहारी बोस. आझाद हिंद सेनेच्या इतिहासात त्यांचे नाव आपण वाचतो. टोकियोतील एका पाव-बिस्किटांच्या दुकानाशी त्यांचे जे नाते जडले, ते मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

देशत्याग

रासबिहारींचा जन्म २५ मे १८८६ रोजी बंगालमधील बर्दवान जिल्ह्यातल्या सुबलदह या गावी झाला. त्यांचे शिक्षण फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगर येथे झाले. पुढे ते डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत कारकून म्हणून नोकरीस लागले. दिवसा सरकारी कागद लिहावयाचे आणि उरलेल्या वेळात गुप्त संघटना बांधावयाची, असे दुहेरी आयुष्य त्यांनी काही वर्षे काढले. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या मिरवणुकीवर बॉम्ब फेकला गेला. त्या कटाचे सूत्रधार रासबिहारी होते. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून त्यांनी डेहराडूनला परतून त्याच हल्ल्याचा निषेध करणारी सभा भरविली. वेषांतर आणि बतावणी यांत त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

१९१५ च्या फेब्रुवारीत लष्करातील हिंदी शिपायांचा उठाव घडवून आणण्याची योजना गदर पक्षाच्या साहाय्याने आखण्यात आली. या कामी रासबिहारींचा उजवा हात होता पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील एक मराठी तरुण, विष्णू गणेश पिंगळे. फितुरीमुळे बेत फसला. पिंगळे मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. रासबिहारी निसटले. त्यांच्या शिरावर मोठे इनाम लागले होते. कवी रवींद्रनाथ ठाकूर जपानला जाणार अशी तेव्हा वार्ता होती. तिचा लाभ घेऊन ते प्रियनाथ ठाकूर या नावाने, कवींचे नातलग म्हणून, मे महिन्यात कलकत्त्याहून सानुकी मारू या जपानी जहाजावर चढले आणि जूनमध्ये कोबे बंदरात उतरले.

तेव्हा त्यांचे वय २९ होते. जपानी भाषेचा एक शब्द त्यांना येत नव्हता. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा कधीच घडले नाही.

दारातील जोडे

जपान हा त्या काळी ब्रिटिशांचा मित्र देश होता. १९०२ पासून दोहोंत तह होता आणि पहिल्या महायुद्धात ते एकाच बाजूने लढत होते. तथागतांची भूमी म्हणून सामान्य जपानी माणसाच्या मनात भारताविषयी जुना आदर होता, परंतु सरकारी दफ्तरी भारत म्हणजे मित्राची मालमत्ता होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये रासबिहारी आणि त्यांचे सहकारी हेरंबलाल गुप्त यांनी टोकियोत एक सभा घेतली. तीत लाला लजपतराय बोलले. ही सभा ब्रिटिश वकिलातीच्या डोळ्यांत खुपली. दोघांनी २ डिसेंबरपूर्वी देश सोडावा असा हुकूम निघाला. त्या मुदतीत मिळणारे जहाज ब्रिटिशांच्या टापूतल्या बंदरांनाच जाणारे होते. म्हणजे हा हुकूम देहांताच्या शिक्षेसारखाच होता.

तोयामा मित्सुरू हे जपानमधील एक वजनदार राष्ट्रवादी पुढारी होते. निरोप घेण्याच्या निमित्ताने दोघे त्यांच्या घरी गेले. जपानी रीतीप्रमाणे दोघांनी पायांतले जोडे दारातच काढून ठेवले. बाहेर पाळतीवर असलेले पोलीस त्या जोड्यांकडे पाहत स्वस्थ उभे राहिले. जोडे दारात आहेत, म्हणजे माणसे आत आहेत. परंतु माणसे मागच्या वाटेने केव्हाच निघून गेली होती आणि मोटारीतून शिंजुकू भागातील एका दुकानाकडे चालली होती. ज्या देशाच्या रीतीभाती अजून पुरत्या कळल्याही नव्हत्या, त्या देशाच्या एका साध्या रीतीनेच रासबिहारींचे प्राण वाचविले.

नाकामुराया

ते दुकान म्हणजे नाकामुराया. सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी १९०१ साली टोकियो विद्यापीठासमोरची पावाची एक छोटी भट्टी चालवावयास घेतली. १९०४ मध्ये त्यांनी पावाच्या पोटात दुधाळ गोड सारण भरून एक नवा पदार्थ विकावयास आणला आणि तो लोकप्रिय झाला. १९०९ मध्ये दुकान शिंजुकूला आले. दुकानामागे चित्रकारांसाठी बांधलेली एक खोली होती. लेखक, चित्रकार, शिल्पकार यांची तेथे सतत ये-जा असे. हद्दपारीची बातमी वाचून आइझो अस्वस्थ झाले आणि एका पत्रकार गिऱ्हाइकाजवळ त्यांनी बोलून दाखविले की, प्रसंग पडल्यास आपण या माणसांना आपल्या घरी लपवू. तो निरोप तोयामांपर्यंत पोहोचला आणि पाववाला दुकानदार एका साम्राज्याच्या शत्रूचा यजमान झाला.

आइझोंनी आपल्या नोकरमंडळींना एकत्र बोलावून सारी हकीकत सांगितली. विश्वासात घेतल्यानंतर त्यांतल्या एकानेही बाहेर शब्द काढला नाही. आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या दुकानात मालक नोकरांपासून काही लपवीत नाही, त्या दुकानाचे गुपित नोकर स्वतःचे म्हणून जपतात.

त्या बंद खोलीत काही महिने गेले. घरात इंग्रजी जाणणाऱ्या कोक्को होत्या, म्हणून सुरुवातीस बोलणे शक्य झाले. त्या बाईंनी या पाहुण्यासाठी फार सोसले. त्याच धामधुमीत त्यांची तान्ही मुलगी दगावली. तरीही घराचे दार पाहुण्याला बंद झाले नाही. रासबिहारींपाशी देण्यासारखे काय होते? पैसा नव्हता, ओळखपाळख नव्हती. त्यांनी भाषा शिकण्यास प्रारंभ केला आणि स्वयंपाक करून घरच्यांना आपल्या देशाचा रस्सा खाऊ घातला.

घरचा माणूस

१९१६ च्या वसंतात हद्दपारीचा हुकूम मागे पडला. परंतु ब्रिटिशांचे हेर पाठ सोडीत नव्हते. रासबिहारींना सतरा वेळा घर बदलावे लागले असे सांगतात. प्रत्येक ठिकाणी नाव नवे, शेजारी नवे. निरोप पोहोचविण्यासाठी आणि सोबतीसाठी कुणीतरी अगदी विश्वासाचे माणूस हवे होते. तोयामांनी सोमा दांपत्यापुढे प्रस्ताव ठेवला की, त्यांची थोरली कन्या तोशिको हिने रासबिहारींशी विवाह करावा. परदेशी, त्यातही सरकारच्या नजरेत गुन्हेगार असलेल्या माणसाला मुलगी देणे त्या काळच्या जपानमध्ये सोपे नव्हते. आईवडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला. तोशिकोने विचार करून होकार दिला. जुलै १९१८ मध्ये हा विवाह गुपचूप पार पडला.

पहिली काही वर्षे या जोडप्याचा संसार लपतछपतच झाला. १९२० मध्ये मासाहिदे हा मुलगा आणि १९२२ मध्ये तेत्सुको ही मुलगी झाली. १९२३ च्या जुलैत रासबिहारींना जपानचे नागरिकत्व मिळाले, तेव्हा कुठे त्यांना उजेडात राहता येऊ लागले. परंतु हे सुख फार टिकले नाही. सततच्या स्थलांतराने आणि काळजीने तोशिकोची प्रकृती खालावली होती. मार्च १९२५ मध्ये ऐन तारुण्यात तिचे निधन झाले. रासबिहारींनी पुन्हा विवाह केला नाही. मुले आजी-आजोबांच्या छायेत वाढली आणि रासबिहारी जावई असूनही मुलासारखे त्या घराशी जोडलेले राहिले.

या काळात ते जपानी भाषेत इतके पारंगत झाले की, त्या भाषेत त्यांनी भारताविषयी अनेक पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली आणि संडरलंड यांच्या भारताच्या पारतंत्र्यावरील ग्रंथाचे भाषांतरही केले. जपानी माणसासारखे बसणे-उठणे, पेहराव, नमस्काराची रीत, सारे त्यांच्या अंगवळणी पडले. परंतु एका बाबतीत ते तसूभरही बदलले नाहीत. ती बाब आम्हांस त्यांच्या सगळ्या चरित्राची किल्ली वाटते.

ताटातले स्वातंत्र्य

जपानी माणसाला करी हा पदार्थ त्यापूर्वीच ठाऊक होता. परंतु तो त्याला भारताकडून मिळालेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजांच्या मार्फत, डब्यातल्या तयार मसाल्याच्या रूपाने जपानमध्ये आला. गव्हाचे पीठ भाजून दाट केलेला तो पिवळसर रस्सा स्वस्त होता आणि घरोघरी पोहोचला होता. जपानच्या लेखी करी हा विलायती पदार्थ होता. रासबिहारींना हे बोचत असे. देश तर इंग्रजांनी घेतलाच होता, आता त्याच्या जेवणावरही इंग्रजांचाच शिक्का बसला होता.

१९२० च्या दशकाच्या मध्यास शिंजुकूमध्ये मोठमोठी बहुमजली दुकाने येऊ लागली आणि नाकामुरायाची गिऱ्हाइकी त्यांच्याकडे वळण्याचे भय निर्माण झाले. येणाऱ्यांना क्षणभर बसता यावे, खाता-पिता यावे अशी जागा हवी अशी मागणीही होतीच. आइझोंनी उपाहारगृह काढण्याचे ठरविले. रासबिहारींनी आग्रह धरला की, तेथे खरीखुरी भारतीय करी मिळाली पाहिजे. १२ जून १९२७ रोजी नाकामुरायाचे उपाहारगृह उघडले आणि शुद्ध भारतीय पद्धतीची करी प्रथमच तेथे वाढली गेली.

हा प्रयोग सहज जमला नाही. हाडासकट कोंबडीचे मोठे तुकडे पाहून जपानी गिऱ्हाईक बिचकले. मसाल्यांचा उग्र वास त्यांना नवा होता. आपल्याकडचा लांब, मोकळा भात चिकट भाताची सवय असलेल्या त्या लोकांच्या पसंतीस उतरेना. पातळ रस्सा तर जपानी भातावर नीट बसेना. येथे दोन सोपे मार्ग होते. एक, गिऱ्हाईक म्हणेल तसे करून पुन्हा तोच पिठाचा रस्सा विकणे. दुसरा, आपल्या पद्धतीला चिकटून गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणत रिकाम्या दुकानात बसणे. त्यांनी दोन्ही सोडले आणि पदार्थाचे एकेक अंग घेऊन विचार केला. तांदूळ जपानीच ठेवावयाचा, परंतु जपानी तांदळांतूनच असा शोधावयाचा की जो फार चिकट नसेल. एदो काळापासून नावाजलेला शिरोमे नावाचा उंची तांदूळ त्यांना त्यासाठी मिळाला. मसाले, कोंबडी आणि रस्सा करण्याची रीत यांत मात्र भेसळ करावयाची नाही. रस्सा व भात वेगवेगळ्या भांड्यांत वाढावयाचा, म्हणजे ज्याला जेवढा हवा तेवढा त्याने घ्यावा. चांगल्या प्रतीची कोंबडी मिळावी म्हणून नाकामुरायाने स्वतःची कुक्कुटशाळाही चालविली. इतरत्र या पदार्थाला कारे म्हणत. नाकामुरायाने आपल्या पाटीवर भारतीय उच्चाराला जवळचे असे कारी हे नाव लिहिले.

किंमत ८० सेन ठेवली गेली. त्या वेळी साधी करी १० ते १२ सेनला मिळे. एवढ्या किमतीचा पदार्थ चालेल असे कुणाला वाटले नसेल. परंतु तो चालला, गाजला आणि प्रेमाची व क्रांतीची चव या नावाने ओळखला जाऊ लागला. शिंजुकूत नाकामुराया आजही ती करी वाढते.

नव्या पेठेत कापड विकणारा किंवा खाणावळ चालविणारा आमचा वाचक या हकीकतीचे मर्म लगेच ओळखील. गिऱ्हाईक ज्याच्यावर रोज जगते, त्या गोष्टीत आपण त्याच्याकडे सरकावे. जी गोष्ट घेण्यासाठी ते आपल्याकडे येते, तिच्यात खोट करू नये. आपल्या सोयीसाठी ही सीमा हलविली की दुकानही जाते आणि नावही जाते.

ज्याची किंमत मोजावी लागली

परंतु ताटातली सीमा जितकी स्पष्ट आखता आली, तितकी ती राजकारणात आखता आली नाही, हे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. ज्या जपानने त्यांना आश्रय दिला, तोच जपान कोरियावर राज्य करीत होता आणि पुढे चीनवर चालून गेला. १९२० च्या दशकात रासबिहारींनी जपानच्या या वागण्यावर टीका केली होती. पुढे भारताच्या स्वातंत्र्यासाठी जपानची मदत मिळविण्याच्या आशेने त्यांचा तो स्वर मंदावत गेला. पारतंत्र्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने दुसऱ्याच्या पारतंत्र्यापुढे मौन धरावे, ही त्यांच्या चरित्रातील सल आहे. ती झाकून त्यांचा गौरव करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१९४२ मध्ये या मौनाचा हिशेब त्यांना चुकवावा लागला. जूनमध्ये बँकॉक येथे भरलेल्या परिषदेत आग्नेय आशियातील भारतीयांच्या चळवळीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. परंतु ज्यांचे नेतृत्व करावयाचे, त्यांच्यातील अनेकांना ते जपान्यांचे माणूस वाटत. जपानी नागरिक, जपानी पत्नीचा पती, जपानी सैन्यात असलेल्या मुलाचा बाप अशा या मनुष्याचा शब्द भारतीयांचा की जपानचा, अशी शंका घेतली गेली. सेनापती मोहनसिंग यांच्याशी मतभेद विकोपास गेले आणि वर्षअखेरीस पहिली आझाद हिंद सेना मोडली. ज्यांच्यासाठी सारे आयुष्य वेचले, त्यांनीच परके ठरवावे, याहून कठोर शिक्षा कोणती?

त्यावर रासबिहारींनी जे केले, ते फार थोड्यांना साधते. त्यांनी आपली बाजू मांडण्यात शक्ती घालविली नाही. ज्याच्यावर सर्वांचा विश्वास बसेल असा माणूस यावा म्हणून त्यांनी प्रयत्न केले आणि ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूर येथे साऱ्या चळवळीची सूत्रे सुभाषचंद्र बोस यांच्या हाती सोपवून ते स्वतः सल्लागार म्हणून बाजूला झाले. तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये मासाहिदे ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. भारत स्वतंत्र झाला तेव्हा त्या घरातील हे दोघेही हयात नव्हते.

मागे राहिलेले

१९३० च्या दशकात रासबिहारींनी टोकियोत भारतातून व आशियातील इतर देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह चालविले होते. स्वतः परक्या घरात आश्रय घेतलेल्या माणसाने, पायाखाली थोडी जमीन येताच, इतरांच्या मुलांसाठी छप्पर उभारले. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यांचे सहकारी व दुभाषी असलेले केरळचे ए. एम. नायर हेही जपानमध्येच स्थायिक झाले आणि १९४९ मध्ये त्यांनी टोकियोच्या गिन्झा भागात स्वतःचे भारतीय उपाहारगृह काढले. एकाने रुळविलेल्या वाटेवरून दुसरा चालला.

आमच्या मुलांपैकी कुणी उद्या दूरच्या शहरात किंवा दूरच्या देशात आपला व्यवसाय मांडील. तेथली भाषा त्याने मनापासून शिकावी, दारात जोडे काढण्याची रीत असेल तर ती पाळावी, तेथला तांदूळ आनंदाने खावा. ज्या घराने आधार दिला त्या घराचे ऋण जन्मभर मानावे. मात्र आश्रयदात्याच्या हातून कुणावर अन्याय होत असेल, तर उपकाराखाली आपला आवाज दबू देऊ नये. रासबिहारींनी पहिल्या चार गोष्टी आपल्या आयुष्याने शिकविल्या. पाचवी त्यांना पूर्णपणे साधली नाही. ती साधण्याचे काम त्यांनी आपल्या सर्वांसाठी शिल्लक ठेवले आहे.